झाकणाची बादली

“तू दारातच थांब,” हद्दू म्हणाला. “आतलं मी बघतो.”

“तू काय बघतोस ते बघायलाच आलेय मी,” असं म्हणून मी बादली उचलली आणि त्याच्या आधी उंबरा ओलांडला.

लल्ला इज्जाच्या (मानाच्या बाईला आमच्यात लल्ला म्हणतात) अंगणात मेंढा बांधलेला होता. पाण्याची घमेली भरून ठेवलेली, शेगडीत कोळसे फुललेले, नवे कपडे घातलेली नातवंडं भिंतीला टेकून उभी. दर ईदला असतं तसंच सगळं. नसायला हवी अशी एकच गोष्ट तिथं होती, ती म्हणजे मी. कुर्बानीच्या सकाळी खाटकाच्या मागोमाग त्याची बायको दारोदार हिंडते, तीही हातात झाकणाची बादली घेऊन, हे आमच्या डोंगरातल्या वस्तीत आजवर कुणी पाहिलं नव्हतं. लल्ला इज्जानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे, मग हद्दूकडे.

“हद्दूदादा, हिला घरी काही कामं नाहीत का?”

“आहेत की,” मीच उत्तर दिलं. “पण आमचा मेंढा सगळ्यात शेवटी. खाटकाच्या घरी सण उशिराच येतो.”

“आणि ही बादली कशाला?”

“मेंढ्याच्या आत काही वाईट निघालं तर त्यात घालायला. खड्डा खणलाय आम्ही घरामागं.”

“माझ्या मेंढ्यात वाईट?” म्हातारीनं कमरेवर हात ठेवले. “अगं, माझ्या हातानं जव चारलाय त्याला! सणाच्या दिवशी दारात येऊन असलं बोलतात का? हद्दूदादा, बायकोला आवर तुझ्या.”

हद्दूनं मला आवरलं नाही. तो कुणालाच कधी आवरत नाही. तो नुसता हसला, बाह्या सरसावल्या, अल्लाहचं नाव घेतलं आणि कामाला लागला. मेंढा टांगला, सोलला, पोट उघडलं. कलेजी बाहेर आली ती काळसर तांबडी, गुळगुळीत, लखलखीत. एकही डाग नाही.

“बघ!” लल्ला इज्जा ओरडली. “ये, वाकून बघ! डोळे भरून बघ!”

मी वाकून बघितलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिचं कपाळ चुंबलं. तिला वाटलं मी माफी मागितली. मागितली तर मागितली.

आमच्याकडे ईदचा पहिला घास कलेजीचा असतो. कलेजी निखाऱ्यावर जराशी शेकायची, तुकडे करायचे, पोटातल्या चरबीच्या पातळ जाळीत गुंडाळायचे, सळईवर लावायचे आणि भाजायचे. त्याचा धूर घराघरांतून वर चढतो. कुणाकडे धूर लवकर निघाला, कुणाकडे निघालाच नाही, हे गच्चीवरच्या बायकांना बरोबर कळतं. कारण कुर्बानीचं जनावर निर्दोष हवं. डोळा अधू नको, पाय लंगडा नको, शिंग मोडलेलं नको. बाजारात आमची माणसं मेंढ्याचे दात मोजतात, शेपूट चाचपतात, तासन्‌तास घासाघीस करतात. पण पोटातलं कोण बघणार? मेंढा उभा असतो तोवर देखणाच दिसतो. सोलला की कलेजीवर, फुफ्फुसावर पाण्याने भरलेले पांढरे फुगे निघतात, कधी वाटाण्याएवढे, कधी अंड्याएवढे. मग घरधन्याचा चेहरा उतरतो, बायकांची तोंडं बंद होतात आणि सगळे खाटकाकडे पाहतात.

आणि इथेच माझ्या नवऱ्याची कीर्ती आहे. असं काही दिसलं की तो हळूच पाहुण्यांकडे पाठ करतो. “अल्लाहनं काय बरकत दिलीय, चरबी बघा ही!” असं मोठ्यांदा म्हणतो, कुणालातरी पाणी आणायला पिटाळतो आणि तेवढ्या गडबडीत ती कलेजी मनगटाच्या एका झटक्यात भिंतीपलीकडे जाते. थप्प असा आवाजसुद्धा येत नाही, कारण पलीकडे कुत्री वरच्या वर झेलतात. ईद कधी आहे ते वस्तीतल्या कुत्र्यांना आमच्याआधी कळतं. लोक म्हणतात, हद्दूदादाचा हात हलका, हद्दूदादा घराची अब्रू राखतो. म्हणून तर गावात दुसरे खाटीक असताना आमच्याच दारात सकाळपासून निरोप. लग्न झालं तेव्हा मलाही या हाताचं कौतुक होतं. आता तो हात दिसला की माझं डोकं फिरतं.

गेल्या हिवाळ्यात तूदा, आमची धाकटी, खोकायला लागली. सासूनं मध दिला, ओवा दिला, छातीला ऑलिव्हचं तेल चोळलं. शेजारची फादमा गच्चीवरून रोज एक नवा उपाय सांगायची. खोकला जाईना. शेवटी शहरातल्या मोठ्या इस्पितळात फोटो काढला तर पोरीच्या फुफ्फुसात लिंबाएवढा फुगा. मेंढ्यात निघतो तसाच. मी त्या फोटोकडे पाहिलं आणि मला तो ओळखता आला. आयुष्यभर अंगणात पाहिलेली गोष्ट ओळखायला डॉक्टर कशाला लागतो?

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई तरुण होती, आमची भाषा बोलणारी, पण फार दमलेली. तिनं सगळं नीट समजावलं. कुत्र्याच्या आतड्यात बारीक जंत असतात. कुत्र्याला त्याचं काही होत नाही, तो आपला शेपूट हलवत फिरतो. त्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर पडतात, ती मेंढी खाते, मेंढीच्या कलेजीत फुगे धरतात आणि ते फुगे पुन्हा कुत्र्यानं खाल्ले की पुन्हा जंत. कुत्रा, मेंढी, कुत्रा, मेंढी. माणूस उगाच मध्ये सापडतो. कुत्र्याच्या केसांवरून हाताला, न धुतलेल्या पुदिन्यावरून तोंडात. आमची तूदा तर उश्शनच्या, आमच्या कुत्र्याच्या, गळ्यात गळा घालून वाढलेली. अंगणातल्या वाफ्यातला पुदिना येता-जाता चघळायची, आणि त्याच वाफ्यात उश्शन दुपारची झोप काढायचा.

“पण बाई, कुत्र्यांना हे फुगे खायला घालतं कोण?” मी विचारलं.

“तुम्हीच घालता की,” ती म्हणाली. “दर ईदनंतर मला कळतं, आता काही वर्षांनी यातली किती पोरं माझ्याकडे येणार.”

मी हद्दूकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

“आणि ऐका,” बाई म्हणाली, “एकदा झालं म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. हिची छाती मला दुसऱ्यांदा उघडायला लावू नका.”

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. उश्शनला बांधून ठेवलं. गुरांच्या दवाखान्यातून जंताची गोळी आणून त्याला लोण्यात घालून दिली. पुदिना उपटून नवा लावला, काट्याचं कुंपण घातलं. पण आमचा एक कुत्रा बांधून काय होणार? वस्तीत मोकळी कुत्री मोजायला बसलं तर माणसं कमी पडतील. म्हणून ईद जवळ आली तशी मी मशिदीत नमाज पढवणाऱ्या फकीहकडे गेले. तो भला माणूस. त्यानं ईदच्या नमाजानंतर सगळ्यांना स्वच्छ सांगितलं, “जनावर बाहेरून निर्दोष पाहून घेतलंत, तुमचं काम झालं. आतलं अल्लाहला माहीत. कुर्बानी कबूल आहे. खराब निघालेलं पुरा, कुत्र्यांना घालू नका.” सगळे “आमीन, आमीन” म्हणाले, एकमेकांना मिठ्या मारल्या आणि घरी जाऊन पुन्हा भिंतीपलीकडे फेकायला मोकळे झाले.

हद्दूला मात्र मी भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. एकही कलेजी, एकही फुफ्फुस भिंतीपलीकडे जाणार नाही. त्यानं शपथ घेतली. त्यानंच खड्डा खणला, चुना आणला, वर ठेवायला दगड लोटत आणला. तो काही वाईट माणूस नाही, हीच तर माझी अडचण आहे. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. माझा त्याच्या शब्दावर विश्वास होता. विश्वास नव्हता तो त्याच्या मनगटावर. म्हणून मी बादली घेऊन निघाले.

दुसरं घर शाळेत शिपाई असलेल्या मिमूनचं. तिथं फुफ्फुसात दोन फुगे निघाले. हद्दूनं माझ्याकडे पाहिलं, मी बादलीचं झाकण काढलं. मिमूनची बायको डोक्यावरच्या ओढणीआडून कुजबुजली, “लल्ला इत्तो, हे मी मांजराला घालते. आमच्याकडे कुत्रा नाही.”

“शेजारी आहे ना? मांजर काय दार लावून जेवतं?”

“मग झाकण घट्ट लाव बाई. आणि कुणी विचारलं तर सांग, आमच्याकडे काही निघालं नाही म्हणून.”

“मग बादलीत काय आहे म्हणून सांगू? लग्नाचा केक?”

ती रडकुंडीला आली. शेवटी मीच म्हटलं की आतडी धुतलेलं पाणी आहे असं सांगेन, तेव्हा कुठे तिनं हात सोडला. पण गल्लीत बातमी माझ्यापुढे धावत होती. तिसऱ्या घरी पोचलो तर दार आतून बंद. “आमचं आम्ही कापून घेतलं, हद्दूदादा, ईद मुबारक!” असा आवाज आला आणि आतून मेंढा चांगला खणखणीत ओरडला. चौथ्या घरी बादली बाहेर ठेवायला सांगितली, मग मी बादलीसकट बाहेर राहिले आणि हद्दूनं आतून झाकून एक कलेजी आणून दिली. मला तेवढ्यानंही हायसं वाटलं. गच्चीवरून आमची शेजारीण फादमा हे सगळं पाहत होती. दरवर्षी तिचा मेंढा हद्दू कापायचा. यंदा तिनं नवऱ्याला सुरी धरायला लावली होती.

“काय गं इत्तो,” ती वरून ओरडली, “किती भरली बादली? दुकान काढणार का?”

“तुझ्या घरी पण येऊ का?”

“आमच्याकडे काही नाही बाई देण्यासारखं! आमची कलेजी सळईवर चढलीसुद्धा. वास येत नाही का?”

वास येत होता, नाही असं नाही. चरबीचा खमंग धूर तिच्या अंगणातून वर येत होता.

मग राहिलं एकच मोठं घर, मुकद्दम मोहाचं. मुकद्दम म्हणजे वस्तीतला सरकारचा माणूस. कुणाच्या घरी कोण जन्मलं, कोण मेलं, कोणी परवानगीशिवाय खोली बांधली, सगळ्याची खबर त्याच्याकडे. त्याचा मेंढा आठवडाभर गल्लीतून मिरवला होता. गोल वळलेली शिंगं, गळ्यात लाल दोरी, पोरं त्याच्यामागे. आणि त्यातून त्याच्याकडे कासाब्लांकाहून नव्या जावयाची माणसं आलेली, पांढऱ्याशुभ्र, पायघोळ जेलाब्यांत, गालिच्यावर ओळीनं बसलेली.

“बायका आत,” मुकद्दम मला म्हणाला. “आणि ती बादली मागच्या दाराशी ठेव. पाहुण्यांसमोर नको.”

“मी हद्दूजवळ थांबते.”

“लल्ला इत्तो, घर माझं आहे.”

मी हद्दूकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, म्हणजे जा, मी आहे. मी स्वयंपाकघरात गेले. खिडकी छोटी, लोखंडी गजांची, तिच्यातून हद्दूची पाठ तेवढी दिसत होती. मुकद्दमची बायको मला पाहुण्यांच्या शहरातल्या घराची वर्णनं ऐकवत होती. माझं लक्ष त्या पाठीकडे. पाठ वाकली, सरळ झाली, हात आत गेले. मग पाठ जराशी वळली. पाहुण्यांपासून दूर.

“वा! अल्लाहनं काय बरकत दिलीय!” हद्दूचा मोठा आवाज आला. “चरबी बघा ही! कुणीतरी पाणी आणा रे!”

मुकद्दमची बायको माझ्याशी बोलत असताना मी मागच्या दारानं धावले. बादली लाथेनं उलटली, ती सरळ करून झाकण लावायचं भान मात्र राहिलं, कसं ते माझं मला ठाऊक. पायातली चप्पल हातात घेतली. भिंतीला वळसा घातला तर पलीकडे कुत्र्यांचा गुंता झालेला. गुरगुर, धूळ, केस. मी चप्पल घेऊन त्यात घुसले. एकाच्या पेकाटात बसली, एकाच्या तोंडावर, मी ओरडत होते ते काय होतं मला आठवत नाही, पण सणाच्या दिवशी बोलायचं नसतं असं होतं. कुत्री पांगली. एकच मागे राहिला. त्यानं कलेजीचा मोठा लोळा तोंडात धरला होता, अर्धा गिळला होता, आणि मला पाहून त्यानं ओळखीनं शेपूट हलवलं.

उश्शन.

गल्लीच्या कोपऱ्यावर तूदा उभी होती. नवा पिवळा झगा, हातात सुटलेली दोरी.

“इम्मा,” ती म्हणाली, “ईद आहे ना. सगळी कुत्री इकडे येत होती. तो एकटाच बांधलेला होता.”

मी उश्शनच्या तोंडातून उरलेलं ओढून काढलं. फारसं उरलं नव्हतं. जे होतं त्यावर एक फुटलेला फुगा होता, पाणी गळून गेलेला. मागच्या दारात हद्दू येऊन उभा राहिला, हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, मग तूदाकडे. त्याच्यामागून मुकद्दमची बायको डोकावली आणि हळूच म्हणाली, “आमच्या मेंढ्यातलं नाहीये हं ते. कुठून आलं काय माहीत.”

मी तिला काय बोलले ते लिहीत नाही. बोलायला हवं होतं त्यापेक्षा कमीच बोलले.

मी तडक घराकडे निघाले. एका हातात बादली, एका हातात उश्शनची दोरी, तूदाला चार हात लांब चालायला लावलेलं. अंगणात पोचल्यावर मात्र मला राहवलं नाही.

“भाकरीवर हात ठेवला होतास ना रे? भाकरीवर!”

“पाहुणे होते इत्तो. नवं नातं. त्याचं तोंड बघवेना मला.”

“त्याचं तोंड! आणि पोरीच्या छातीवरचा टाका? तो बघवतो तुला?”

“हात आपोआप गेला.”

“मग तो हात काप! तुझ्याकडे सुरीपण आहे!”

तो नळाखाली हात धुवत राहिला, कितीतरी वेळ. आतून माझी सासू यामना ओरडली, “भांडणं पुरे! मेंढा कधीचा वाट बघतोय!” जसा काही मेंढ्याला घाई होती.

उश्शनला मी अंगणाच्या टोकाला अक्रोडाच्या झाडाला बांधलं. गुरांचा दवाखाना ईदमुळे बंद. तो उघडला की गोळी, तोवर त्याची विष्ठा गोळा करून जाळायची, त्याच्याजवळ कुणी जायचं नाही. हे सगळं मी तूदाला सांगितलं. ती ऐकत होती, पण बघत होती उश्शनकडे.

“त्याला माहीत नव्हतं इम्मा.”

“माहीत आहे मला त्याला माहीत नव्हतं ते,” मी म्हणाले. माझा आवाज चढलाच. “माहीत असणारे सगळे माहीत असून तेच करतात. कुत्र्याला काय बोलू?”

उन्हं उतरल्यावर आमचा मेंढा. तो सासूनं वाढवलेला. कोकरू असताना तिनं त्याला चिंधीची वात करून दूध पाजलं होतं, हिवाळ्यात स्वतःच्या खोलीत निजवलं होतं. त्यामुळे ती सकाळपासून एकदाही त्याच्याजवळ गेली नव्हती. शेगडी मात्र तिनंच पेटवली होती, सळ्या घासून ठेवल्या होत्या, मीठ आणि जिरं वाटीत काढलं होतं. दात नाहीत तिला. वर्षातून कलेजी हीच एक मऊ गोष्ट तिला चवीनं चावता येते.

गल्लीत पोरं जुन्या पलंगाच्या स्प्रिंगांवर मेंढ्यांची मुंडकी भाजत होती. जळक्या केसांचा वास सगळीकडे. फादमा तिच्या गच्चीवर कातडं वाळत घालायच्या निमित्तानं उभी. दुसऱ्या गच्चीवर लल्ला इज्जा. इतर दिवशी कुणी आमच्या अंगणात डोकावत नाही, पण आज बादलीवालीचा मेंढा होता. मी मनात म्हणत होते, या घरात तरी नको, निदान या म्हातारीच्या मेंढ्यात नको.

हद्दूनं पोट उघडलं. हात आत घातला. तो थांबला तेव्हाच मला कळलं.

कलेजी बाहेर आली. एका बाजूला तीन पांढरे फुगे, मधला चांगला अक्रोडाएवढा, खालच्या अंगाला आणखी बारीक बारीक.

सासूनं पाहिलं. तिच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला. मग ती पटकन म्हणाली, “हद्दू, वर फादमा आहे. पाठ कर. टाक पटकन मागं. टाक ना!”

हद्दू हातात कलेजी घेऊन उभा. मी बादली उचलली नाही. मी नुसती त्याच्या मनगटाकडे बघत राहिले. अक्रोडाखाली उश्शन उठून उभा राहिला होता, दोरी ताणून.

“इम्मा,” हद्दू आईला म्हणाला, “हा तू वाढवलास. तुझ्या मेंढ्यात काही लाजण्यासारखं नाही.” मग त्यानं वर पाहिलं आणि अल्लाहची बरकत सांगतो त्याच मोठ्या आवाजात म्हणाला, “फादमा! लल्ला इज्जा! बघून घ्या. आमच्या मेंढ्याची कलेजी खराब निघाली. असलेच फुगे तूदाच्या छातीत होते. मुकद्दमच्या मेंढ्यातही होते, ते मी भिंतीपलीकडे फेकले आणि माझ्याच कुत्र्यानं खाल्ले. आता ही मी खड्ड्यात टाकायला नेतोय.”

फादमाच्या हातातलं कातडं तसंच राहिलं.

खड्डा घरामागं. मागचं दार होतं. पण हद्दू पुढच्या दारानं बाहेर पडला. दोन्ही हातांच्या ओंजळीत ती कलेजी घेऊन तो गल्लीतून चालत गेला, मुंडकी भाजणाऱ्या पोरांमधून, मुकद्दमच्या दारावरून, घराला पूर्ण वळसा घालून. मी मागच्या दारातून पाहिलं, तो खड्ड्यापाशी वाकला, कलेजी आत ठेवली, हो, ठेवलीच, फेकली नाही, चुना टाकला आणि दगड लोटला. मला राग आलेला होता तो गेला नव्हता. पण त्या माणसाच्या पाठीकडे बघून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

संध्याकाळी आम्ही खांद्याचं मांस भाजलं. पहिल्या दिवशी मांस तोडायचं नसतं, टांगून ठेवायचं असतं, पण शेगडी पेटलेली आणि सळ्या रिकाम्या. सासूनं एक तुकडा तोंडात घोळवला, चावेना, तशी तिनं तो हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवला. “चांगला झालाय,” ती म्हणाली. गल्लीतून इतरांच्या कलेजीचा वास येत होता. हद्दू भिंतीला टेकून बसला होता, हात मांडीवर उपडे ठेवून. मी त्याला चहा दिला. त्यानं घेतला. एवढंच आमचं बोलणं.

तेवढ्यात दार वाजलं. फादमा होती. हातात ताट, त्यावर विणकामाचा चांगला रुमाल झाकलेला. सणाला एकमेकांकडे कलेजी पाठवायची आमच्यात रीतच आहे. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे तर हमखास. सासूचा चेहरा उजळला. ती बसल्या जागेवरून म्हणाली, “अल्लाह तुझं भलं करो पोरी, ये, ये!” आणि तिनंच हात लांब करून रुमाल उचलला.

ताटात कच्ची कलेजी होती. थंड, काळवंडलेली, फुग्यांनी भरलेली. आमच्यापेक्षाही जास्त.

फादमा जमिनीकडे बघत होती.

“सकाळचा धूर?” मी विचारलं.

“नुसती चरबी जाळली,” ती म्हणाली. “हे कोंबड्यांच्या टोपलीखाली ठेवलं होतं. मालक म्हणत होते अंधार पडला की फेकू. मग मी वरून बघितलं ना, उश्शनला. तुला. आणि मग दादाला.” तिनं ताट पुढे केलं. “खड्ड्यात जागा आहे का?”

हद्दू उठला होता. सासू हातातला रुमाल तसाच धरून बसली होती. सणाच्या दिवशी कुणी असं ताट आणलं तर त्याला शिव्या द्यायच्या की दुवा? मला मात्र काही शंका नव्हती. मी दोन्ही हातांनी ते ताट घेतलं, चांगल्या घरचं मानाचं ताट घेतात तसं.

“आहे,” मी म्हटलं. “बस. चहा घे.”

हद्दू ताट घेऊन मागे गेला. दगड लोटल्याचा आवाज आला. उश्शन दोनदा भुंकला आणि गप्प झाला. मी ताट उकळत्या पाण्यानं दोनदा धुतलं, पुसलं, त्यात खांद्याचे चार तुकडे ठेवले, वर भाकरी ठेवली आणि फादमाचा रुमाल झाकला. शेजारचं ताट आमच्याकडे रिकामं परत पाठवत नाहीत.